दारात बसून मत विचारताना: सोलापुरात पहिल्यांदा सर्वेक्षणाला निघणाऱ्यांसाठी

विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत एका दुपारी मी एका अक्कांच्या उंबऱ्याशी बसून प्रश्नावली भरत होतो. अक्कांच्या मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. बोटं एकसारखी चाललेली, नजर माझ्याकडे. मी विचारलं, "देशाचा कारभार सध्या जसा चाललाय, त्यावर तुम्ही समाधानी आहात का?" अक्का म्हणाल्या, "चांगलं हाय की." मी 'समाधानी'वर खूण केली. पुढचे दहा प्रश्नही असेच झरझर झाले. पाणी पिऊन उठलो, चपला घालत होतो, तेव्हा त्यांनी उजवा अंगठा माझ्यासमोर धरला. विड्या वळून वळून त्यावरच्या रेषा गेल्या होत्या. "रेशनच्या मशीनवर उठत नाही बघा. या महिन्यात तीनदा परत आले." मी विचारलं, मग मघाशी चांगलं का म्हणालात? त्या म्हणाल्या, "नेता चांगलाच हाय. तुम्ही मशीनचं कुठं विचारलं?"

खरंच विचारलं नव्हतं. माझ्या कागदावर नेत्याचा रकाना होता, अंगठ्याचा नव्हता.

त्यानंतर जी मुलं-मुली माझ्याबरोबर पहिल्यांदा फिरायला येतात, त्यांना मी हे सगळ्यात आधी सांगतो: नेत्याबद्दलचं मत आणि धोरणाबद्दलचं मत ही दोन वेगळी मतं आहेत. एकच माणूस दोन्ही बाळगून असतो आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. ती वेगवेगळी टिपता आली तरच तुमच्या कागदाला किंमत आहे. खालचं सगळं त्याचसाठी.

पहिलं काम: काय विचारायचंय ते ठरवा

"लोकांचं मत घ्यायचंय" एवढ्यावर घराबाहेर पडू नका. त्यात निदान तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. नेता कसा वाटतो, सरकारचं एखादं धोरण कसं वाटतं, आणि मत कुणाला देणार. तिन्हीची उत्तरं एकाच दिशेला जातील असं धरून चाललात की फसलात.

आपल्याच सोलापूरचं २०२४ साल बघा. जूनमध्ये लोकसभेचा निकाल लागला. काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांनी भाजपच्या राम सातपुते यांना ७४,१९७ मतांनी हरवलं. नोव्हेंबरमध्ये विधानसभेचा निकाल आला, तेव्हा याच लोकसभा मतदारसंघातल्या सहापैकी पाच जागा भाजपकडे गेल्या: शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण, अक्कलकोट आणि पंढरपूर. फक्त मोहोळ राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाकडे गेलं. मधे साडेपाच महिने. गल्ल्या त्याच, यादी जवळपास तीच. काही जण म्हणतात लाडकी बहीण योजनेचा परिणाम, काही जण उमेदवारांचा, काही जण आघाडीतल्या भांडणांचा. एकच कारण छातीठोक सांगणाऱ्याचं ऐकू नका. नवख्याने यातून एवढं घ्यावं की दिल्लीसाठीचं मत आणि मुंबईसाठीचं मत माणूस वेगळं ठेवू शकतो. म्हणून प्रत्येक प्रश्नात कोणतं सरकार ते स्पष्ट लिहा. नुसतं 'सरकार' हा शब्द प्रश्नावलीत कुठेही ठेवू नका.

घरं कशी निवडायची

नव्याने निघालेली मुलं हमखास पार्क चौकात जातात, नवी पेठेत जातात, भेळ खात दहा लोकांशी बोलतात आणि संध्याकाळी सांगतात, "सोलापूरचं वातावरण असं आहे." चौकात उभा असणारा माणूस हा चौकात उभं राहायला वेळ असणारा माणूस असतो. मागावर पाळी करणारा, विड्या वळणारी, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या गाठी उचलणारा त्या वेळी तिथे नसतो.

संख्या मोठी असली की चूक भरून निघते, असंही नाही. अमेरिकेत १९३६ साली एका साप्ताहिकाने सुमारे एक कोटी पत्रं पाठवली, २४ लाखांच्या आसपास उत्तरं आली, आणि त्यावरून रूझवेल्ट हरणार असं छापलं. रूझवेल्ट प्रचंड बहुमताने जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे असणार? आज व्हॉट्सॲपच्या गटात टाकलेला कौल याच जातीचा. गट जुळे सोलापुरातल्या सोसायटीचा असेल तर उत्तर त्या सोसायटीचं.

साधी रीत अशी. मतदारसंघातली काही मतदान केंद्रं चिठ्ठ्या टाकून काढा. शहरातली, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या गावांतली, दोन्हीकडची येतील याची काळजी घ्या. त्या केंद्राची मतदार यादी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते. समजा यादीत १,१०० नावं आहेत आणि तुम्हाला २० माणसं हवीत. १,१०० भागिले २० म्हणजे ५५. पहिल्या ५५ नावांतून एक चिठ्ठी काढा, समजा १७ निघाला, तर १७, ७२, १२७ असे पुढे जा. देशात मोठी निवडणूक सर्वेक्षणं करणारी लोकनीती ही संस्थाही यादीतून ठरावीक अंतराने नावं घेऊनच लोकांच्या घरी जाते.

यादीतलं माणूस घरी नसेल तर शेजाऱ्याला विचारून मोकळं होऊ नका. हा मोह फार होतो, विशेषतः एप्रिलच्या उन्हात. पुन्हा जा, वेगळ्या वेळी जा, तीनदा जा. पुण्याला कायमचा गेलाय असं कळलं तर तसं लिहा आणि ते नाव सोडा.

प्रश्न लिहिणं

इथे घाई करू नका. माझा निम्मा वेळ आजही यात जातो.

मराठीत माणसाचं नाव घेतानाच आपण बाजू घेतो. एकाला 'मोदीजी' आणि दुसऱ्याला 'राहुल' म्हणालात, एकासाठी 'ते म्हणाले' आणि दुसऱ्यासाठी 'तो म्हणाला' आलं, की समोरच्याला तुमचा कल कळला. तो लगेच सावध होतो, नाहीतर तुम्हाला बरं वाटेल असं बोलतो. सगळ्या नेत्यांची पूर्ण नावं घ्या, सगळ्यांना 'यांचं काम' असंच म्हणा, जी आणि साहेब कुणालाच लावू नका. लोक स्वतः जे म्हणतील ते म्हणू द्या. नावांचा क्रमही प्रत्येक घरी बदला. पहिलं नाव ऐकताना माणूस ताजा असतो, पाचव्याला कंटाळलेला.

नेता 'आवडतो का' आणि 'काम कसं केलं' हे दोन प्रश्न ठेवा. बाजार समितीत कांद्याच्या गोणीवर बसून एका मामांनी मला सांगितलं होतं, "भाषण ऐकायला आवडतं, पट्टी बघवत नाही." पट्टी म्हणजे अडत्याने दिलेला हिशेब.

कांद्यावरून आठवलं. धोरणावर प्रश्न विचारताना तारीख आणि नेमकी कृती लिहा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. सोलापूरची बाजार समिती कांद्याच्या मोठ्या बाजारांपैकी आहे आणि आवक भरात येते ती नेमकी त्या थंडीत. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही ४० टक्के निर्यात शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान किंमत ठेवून. सोलापूरचं मतदान होतं ७ मे ला. आता तुम्ही नुसतं "कांदा धोरण कसं वाटतं" विचारलं तर मोहोळचा शेतकरी बंदीबद्दल बोलेल, कुणी बंदी उठल्याबद्दल बोलेल, आणि साखर पेठेतली गृहिणी किलोच्या भावाबद्दल. तिघांचं 'वाईट' एकाच रकान्यात बेरजेला घेतलं तर त्या बेरजेला काही अर्थ उरत नाही. प्रश्न असा लिहा: "डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांदा परदेशी पाठवायला बंदी केली. तो निर्णय तुम्हाला बरोबर वाटला, चूक वाटला, की सांगता येत नाही?" आणि लगेच खाली: "तुम्ही कांदा पिकवता, विकता, की फक्त विकत घेता?"

योजनांच्या बाबतीत तर पैसा कुणाचा हेच लोकांना सरमिसळ दिसतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये केंद्राचे, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत येतात. नमो शेतकरी महासन्मानचे सुरुवातीला ठरलेले ६,००० राज्याचे, पण येतात त्याच खात्यात आणि तशाच हप्त्यांत. लाडकी बहीणचे महिन्याला १,५०० राज्याचे. रेशनचं माणशी पाच किलो मोफत धान्य केंद्राच्या योजनेतलं, वाटप करते राज्याची यंत्रणा. बँकेचा मेसेज मोबाइलवर टिंग करून येतो, एवढंच घरात कळतं. म्हणून आधी विचारा, "तुमच्या घरात यांपैकी काय मिळतं?" मग विचारा, "हे कोण देतं असं तुम्हाला वाटतं?" उत्तर चुकीचं असलं तरी दुरुस्त करू नका. लोक श्रेय कुणाला देतात हेच तर तुम्हाला शोधायचंय.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या शेजारी आहे. कुंभारीच्या रे नगरची ३०,००० घरांची वसाहत. विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांसाठी माकपचे माजी आमदार नरसय्या आडम यांनी ती मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. केंद्र आणि राज्य दोघांचा पैसा त्यात आला. त्यातल्या १५,००० घरांच्या चाव्या पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते १९ जानेवारी २०२४ ला दिल्या गेल्या. तिथे "घर कुणामुळे मिळालं?" विचाराल तर एका ओळीतल्या तीन दारांत तीन नावं ऐकाल, आणि एखादी अक्का चौथं नाव घेईल, स्वतःचं, हप्ते तिनेच भरलेत. तेव्हा एकच नाव निवडायला भाग पाडू नका. दोन सांगितली तर दोन लिहा, चार सांगितली तर चार.

आणि पाणी. सोलापुरात कोणताही प्रश्न विचारा, उत्तर उजनी धरणाला जाऊन पोचतं. अनेक वर्षं चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या शहरात ते साहजिक आहे. देशाच्या पंतप्रधानांबद्दल विचारलं आणि समोरची बाई नळाबद्दल बोलू लागली तर तिला अडवू नका. पूर्ण ऐका, समासात लिहा, मग हळूच म्हणा, "पाण्याचं लिहून घेतलं. आता दिल्लीच्या सरकारबद्दल सांगाल?" उलट मी तर सुचवेन की पहिलाच प्रश्न पाण्याचा ठेवा. साचलेलं एकदा निघून गेलं की पुढचं बोलणं मोकळं होतं.

चार भाषांचं गाव

पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, नई जिंदगीसारख्या भागात दखनी, आणि सगळीकडे सोलापुरी मराठी. लोकांना मराठी कळते, पण मनातलं बोलताना माणूस घरच्या भाषेत जातो. प्रश्नावली भाषांतरित करून घ्या आणि मग तिसऱ्याच माणसाकडून ती पुन्हा मराठीत करून बघा.

का, ते सांगतो. आपला 'समाधान' घ्या. तेलुगूत 'समाधानम्' म्हणजे उत्तर, जबाब. कन्नडमध्ये तो शांत राहणं, समजूत काढणं या अंगाला झुकतो. आपल्याला जे म्हणायचंय त्याला तेलुगूत 'संतृप्ती' म्हणतात. शब्द ओळखीचा दिसला म्हणून तसाच उचलला तर अर्धी गल्ली वेगळ्याच प्रश्नाला उत्तर देईल.

मराठीतही सापळे आहेत. "बरं हाय" हे सगळ्यात अवघड उत्तर. ते 'चांगलं' असू शकतं, 'चालतंय' असू शकतं, आणि 'तुम्ही उठा आता' असंही असू शकतं. मी खिशात पाच शेंगदाणे ठेवतो. समोर मांडतो आणि म्हणतो, "अक्का, पूर्ण चांगलं असेल तर पाचही उचला, काहीच चांगलं नसेल तर एकही नको." आकड्यांच्या पट्टीपेक्षा म्हाताऱ्या माणसांना हे पटकन कळतं, हातही रिकामा राहत नाही. 'बरं हाय' म्हणणाऱ्या कित्येकांनी दोनच दाणे उचललेले मी पाहिलेत.

दारात गेल्यावर

नाव सांगा, कुठून आलात ते सांगा, ओळखपत्र दाखवा. कुठल्या पक्षाचे नाही हे पहिल्या मिनिटात सांगा, कारण समोरच्याच्या मनात तेच असतं. उपरण्याच्या रंगासारखे कपडे त्या दिवशी टाळा. भगवा, हिरवा, निळा शर्ट घरी ठेवा. कुणाला अण्णा, कुणाला अक्का, कुणाला चाचा, कुणाला मालक, हे त्या घराकडे बघून ठरवा. आत बोलावलं तर बसा. उभ्याने प्रश्न विचारणारा माणूस वसुलीला आल्यासारखा वाटतो.

बाईला विचारायचं असेल तेव्हा नवरा किंवा सासरा पुढे येऊन उत्तर द्यायला लागणार, हे धरूनच जा. जोडीने जा, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाने मालकांचं म्हणणं वेगळ्या कागदावर मनापासून लिहून घ्यावं, मुलीने बाईंशी स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावं. बाई म्हणतील, "मला काय कळतंय त्यातलं, त्यांना विचारा." त्यावर "तुम्हालाही कळतं हो" असं सांगत बसू नका. गॅसच्या टाकीचा भाव विचारा, मुलाच्या भरतीचं विचारा. पाच मिनिटांत त्या केंद्र सरकारच्या धोरणावर नेमकं बोलत असतात, फक्त त्याला धोरण म्हणत नाहीत.

गल्लीतला कार्यकर्ता शेजारी येऊन उभा राहिला तर त्या घरी पुढे विचारू नका. दुसऱ्या दिवशी या. त्याच्यासमोर मिळालेलं उत्तर त्याच्या कानांसाठी असतं. मी सुरुवातीला असे कागद मोजणीत धरले आणि तो सगळा भाग मला एकतर्फी दिसला. नंतर तिथेच पुन्हा गेलो तेव्हा चित्र वेगळं होतं, आणि आधीचे कागद बाद करावे लागले.

"माहीत नाही" हे खरं उत्तर आहे. त्याला रकाना द्या, आणि "तरी पण, अंदाजे?" म्हणून कुणाला ढकलू नका.

मत कुणाला देणार किंवा दिलं, हा प्रश्न तोंडी विचारूच नका. चिन्हांची छापील चिठ्ठी द्या, त्याच्याकडे पाठ फिरवून बसा, माणूस खूण करून घडी घालेल आणि चपलेच्या खोक्याला पाडलेल्या फटीतून आत टाकेल. खोकं हलवून दाखवा, आत इतरांच्या चिठ्ठ्या आहेत हे कळलं की चेहरा सैल होतो.

कायद्याचं एवढं लक्षात ठेवा

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२६-अ प्रमाणे मतदानोत्तर चाचणी (एक्झिट पोल) घेणं आणि तिचा निकाल कुठेही सांगणं आयोगाने ठरवलेल्या काळात गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ही मुदत देशातला शेवटचा टप्पा संपेपर्यंत चालते. २०२४ ला सोलापूरचं मतदान ७ मे ला संपलं, तरी बंदी १ जूनच्या संध्याकाळी साडेसहापर्यंत होती. कॉलेजच्या गटात गंमत म्हणून टाकलेला आकडासुद्धा यात येतो. शिवाय मतदान संपायच्या आधीच्या ४८ तासांत मतचाचणीचे आकडेही टीव्हीसारख्या इलेक्ट्रॉनिक माध्यमांत दाखवायचे नाहीत.

मोजणी आणि सांगणं

खरा आकडा तुमच्या आकड्यापासून किती सरकू शकतो, याचा ढोबळ हिशेब: १०० माणसांत दहा टक्के इकडे-तिकडे, ४०० माणसांत पाच टक्के, १,००० माणसांत तीन टक्के. म्हणजे ४०० कागदांत एका नेत्याला ४५ आणि दुसऱ्याला ४२ टक्के आले तर कुणी पुढे नाही. त्याच ४०० मध्ये विडी कामगार बायका ६० असतील तर त्यांच्यापुरता फरक तेरा टक्क्यांपर्यंत जातो. त्यांच्याविषयी आकडा देऊ नका, त्या काय बोलल्या ते सांगा.

मोठ्या लोकांचंही चुकतं. २०२४ च्या लोकसभेला १ जूनच्या रात्री बहुतेक वाहिन्यांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर जागा दाखवल्या होत्या. मिळाल्या २९३, भाजपला २४०. तेव्हा जागा किती येतील हे सांगण्याच्या भानगडीत नवख्याने पडूच नये.

निकाल लिहिताना प्रश्न जसाच्या तसा छापा, तारखा द्या, किती जणांना विचारलं, किती जणांनी नकार दिला तेही द्या. फक्त पूर्व भागात फिरला असाल तर 'सोलापूरकर म्हणतात' असं लिहू नका. आणि नेत्याचा तक्ता व धोरणाचा तक्ता शेजारी शेजारी ठेवा. नेत्याला चांगलं म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी धोरणाला चूक म्हटलं, आणि नेता न आवडणाऱ्यांपैकी किती जणांनी योजनेला बरोबर म्हटलं, हे दोन आकडे काढा. मी कागद हातात घेतला की आधी तेच बघतो.

नावपत्त्यांची यादी उत्तरांपासून वेगळी ठेवा आणि काम झालं की फाडून टाका. त्याआधी एक करा: जिथे फिरलात त्या गल्ल्यांमध्ये परत जाऊन काय निघालं ते सांगून या. विडी घरकुलातल्या त्या अक्कांकडे मी पुन्हा गेलो तेव्हा नव्या प्रश्नावलीत 'रेशन घेताना या महिन्यात किती वेळा परत यावं लागलं' हा प्रश्न होता. अक्कांनी तो दोनदा वाचायला लावला, हातातलं सूप खाली ठेवलं आणि आतल्या सुनेला हाक मारली, "ये गं, हे विचारायला आलेत बघ."